पॅप-ए कमी आलाय, वाढवायला काय खाऊ?

पत्र:

ताई, मी २८ वर्षांची आहे, पहिलीच वेळ आहे, सातारा जिल्ह्यात राहते. बाराव्या आठवड्यात एनटी स्कॅन आणि डबल मार्करची रक्ताची टेस्ट केली. एनटी १.४ आलं, डाऊनचा रिस्क लो आला, पण पॅप-ए ०.३१ मॉम आलाय आणि त्याच्यापुढे लाल अक्षरात लो लिहिलंय. मॅडमनी रिपोर्ट बघितला, बाळ ठीक आहे म्हणाल्या, रोज रात्री अ‍ॅस्पिरिन १५० ची एक गोळी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. घरी येऊन मी रात्रभर मोबाईलवर वाचत बसले, कुठे लिहिलंय बाळ वाढत नाही, कुठे लिहिलंय दिवस पूर्ण होत नाहीत. सासूबाई म्हणतात पोटुशी बाईने रक्त पातळ करायची गोळी घ्यायची नसते, अंगावरून जायला लागेल. मी चार दिवस घेतली आणि मग बंद केली, आज पाच दिवस झाले, मॅडमना सांगितलेलं नाही. दुसऱ्या महिन्यात मी दोनदा पपई खाल्ली होती आणि ऑफिसला स्कूटीवरून जात होते, त्यामुळे झालं असेल का? पॅप-ए वाढवायला काय खाऊ, डाळिंब खाऊ का बीट खाऊ ते सांगा. आणि माझं बाळ नीट राहील ना? माझं वजन ६८ आहे, रिपोर्टचा फोटो जोडलाय.

उत्तर:

अगं बाई, आधी एक काम कर, हे वाचून संपायच्या आधीच कर. मॅडमच्या दवाखान्यात फोन लाव आणि सांग की मी पाच दिवस गोळी घेतलेली नाही, आजपासून परत चालू करू का. त्या रागावल्या तर रागावू देत. तुला दमा असेल, अल्सरचा किंवा जोराच्या अ‍ॅसिडिटीचा त्रास असेल, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल, किंवा सध्या अंगावरून थोडं जरी जात असेल तर ते त्याच फोनमध्ये सांग. यातलं काहीच नसेल तर त्या बहुतेक आज रात्रीच घे म्हणतील. चौदावा आठवडा म्हणजे अजून वेळ गेलेली नाही, ही गोळी सोळा आठवड्यांच्या आत चालू झालेली बरी असते आणि तू अजून त्याच्या आत आहेस. फोन झाला की मग बस आणि निवांत वाच.

मी डॉक्टर नाही, २४ वर्षं लेबर रूमला सिस्टर होते हे नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहे. पण हा लाल अक्षरातला लो बघून रडत आलेल्या मुली मी इतक्या बघितल्यात की तुझं पत्र वाचताना तुझा चेहराच डोळ्यासमोर आला.

तुझ्या रिपोर्टमध्ये दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच कागदावर छापून आलीत आणि त्यानेच सगळा गोंधळ झालाय. पहिला प्रश्न, बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता किती. ती टेस्ट मुळात त्यासाठीच करतात, त्यात तुझं वय, एनटी म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी, आणि वारेतून तुझ्या रक्तात येणारी दोन प्रोटीनं, फ्री बीटा एचसीजी आणि पॅप-ए, असं सगळं एकत्र करून आकडा काढतात, आणि तुझा तो आकडा लो रिस्क आलाय, तो विषय तिथेच मिटला. डाऊनच्या बाळांमध्ये साधारण पॅप-ए निम्म्यावर येतो आणि बीटा एचसीजी दुपटीच्या आसपास जातो, तुझा एचसीजी फोटोत १.१ दिसतोय म्हणजे अगदी मधोमध आहे. दुसरा प्रश्न असा की वार कशी धरलीय, कशी रुजलीय. पॅप-एचा आकडा एकटा वाचला तर तो या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो. म्हणजे मॅडम बाळ ठीक आहे म्हणाल्या तेही खरं आणि गोळी दिली तेही बरोबर, फक्त या दोन्हीच्या मधलं वाक्य सांगायला त्यांना वेळ मिळाला नाही.

मॉम म्हणजे काय ते पण सांगते कारण ते कोणीच सांगत नाही. तेवढ्याच दिवसांच्या गरोदर बायकांचे आकडे ओळीने लावले तर बरोबर मधल्या बाईचा आकडा म्हणजे १. तुझा ०.३१ म्हणजे मधल्या बाईच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. ०.४ च्या खाली गेलं की डॉक्टर लोक सावध होतात, ब्रिटनमधल्या गायनॅक डॉक्टरांच्या कॉलेजच्या नियमावलीत सुद्धा बाळाचं वजन कमी राहण्याच्या मोठ्या कारणांमध्ये हे धरलंय. सावध होतात एवढंच गं. पॅप-ए कमी आलेल्या बहुतेक बायकांना पूर्ण दिवसांची, चांगल्या वजनाची बाळं होतात, हे मी डोळ्याने बघितलंय आणि सगळी पुस्तकं पण तेच सांगतात.

आता तुझा फोटो मी मोठा करून बघितला. वर जिथे तुझी माहिती छापलीय तिथे वजन ५६ किलो लिहिलंय. पत्रात तू ६८ लिहिलंयस. आता यातलं खरं कुठलं ते तूच सांगू शकतेस, लग्नाच्या वेळचं सांगितलंस का, का लॅबवाल्याने ऐकताना चूक केली, काहीही असेल. पण याने फरक पडतो, कारण वजन जास्त असलं की रक्त पण जास्त असतं आणि तेवढंच प्रोटीन जास्त रक्तात पसरून पातळ दिसतं, मशीन हे धरून हिशोब करतं, आणि तू ५६ ची आहेस असं समजून केलेला हिशोब तुझा आकडा आहे त्यापेक्षा कमी दाखवणार. लॅबला फोन कर, नवीन रक्त द्यावं लागत नाही, वजन दुरुस्त करून रिपोर्ट परत काढून द्या म्हण. त्याचबरोबर दिवस कुठले धरलेत ते पण विचार, पाळीच्या तारखेवरून का स्कॅनमधल्या बाळाच्या लांबीवरून, कारण पॅप-ए दर आठवड्याला भराभर वाढत जाणारी गोष्ट आहे आणि दिवस चुकून जास्त धरले गेले तरी आकडा कमी वाटतो. स्कॅनवरचेच धरायला हवेत. आता यामुळे तुझा आकडा थोडा वर सरकेल, एकदम नॉर्मल होईल अशी आशा धरू नकोस, आणि नवीन रिपोर्ट मॅडमना दाखवेपर्यंत गोळी त्या सांगतील तशीच चालू ठेव.

काय खाऊ हा तुझा मुख्य प्रश्न. पॅप-ए वाढवणारं काहीही खायला मिळत नाही. डाळिंब खा, बीट खा, चांगलंच आहे, पण त्याने हा आकडा हलणार नाही कारण हे प्रोटीन तुझ्या जेवणातून येत नाही, ते वार बनवते. आणि तसंच पपईने तो कमी झाला नाही, स्कूटीने झाला नाही, ऑफिसने झाला नाही. सिगारेटने कमी होतो, टेस्ट ट्यूब बेबीच्या गरोदरपणात पण थोडा कमी दिसतो, बाकी बऱ्याच वेळा कारण सापडतच नाही. जी गोष्ट तू केली नाहीस त्याची शिक्षा स्वतःला देत बसू नकोस.

हे पॅप-ए नेमकं करतं काय याची गोष्ट मला फार आवडते. १९७४ साली गरोदर बायकांच्या रक्तात हे प्रोटीन सापडलं, गरोदरपणात दिसतं म्हणून तसंच नाव पडलं, आणि पुढची २५ वर्षं ते करतं काय हेच कुणाला माहीत नव्हतं. १९९९ मध्ये कळलं की ही एक कात्री आहे. शरीरात आयजीएफ म्हणून वाढीचं एक हार्मोन असतं, इन्सुलिनचाच भाऊबंद म्हण, आणि त्याला दुसरी काही प्रोटीनं धरून बांधून ठेवतात, बांधलेलं असेपर्यंत ते कामाचं नाही. पॅप-ए ती बांधलेली दोरी कापतं आणि आयजीएफ मोकळं होतं, मग ते वारेला आणि बाळाला वाढायला सांगतं. कात्र्या कमी असल्या तर मोकळं हार्मोन कमी, म्हणून वाढीवर लक्ष ठेवायचं, असा तो सगळा संबंध.

आपण वार म्हटलं की बाळाला रक्त पोचवणारी पिशवी असं समजतो. पण अगं ती मोठी ग्रंथी आहे, नऊ महिन्यांपुरती आलेली. तुझ्या बाथरूममध्ये किटवर दोन रेघा आल्या त्या तिच्याच एचसीजीमुळे, तेव्हा तर वार धड तयार पण झालेली नसते. पुढे ती लॅक्टोजेन नावाचं हार्मोन सोडते, ते आईच्या शरीराला सांगतं की साखर लगेच स्वतः वापरू नकोस, थोडी बाळासाठी रक्तात राहू दे, आणि काही जणींमध्ये ते जरा जास्तच होतं म्हणून २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर तपासतात, दोन तासांनी १४० किंवा त्याच्या वर आली की गरोदरपणातली शुगर. ती टेस्ट चुकवू नकोस.

लेबर रूममध्ये बाळ झालं की सगळे बाळाकडे बघतात, आमचं काम असायचं वार बघणं. स्टीलच्या ट्रेमध्ये पालथी-उलथी करून बघायची, काही तुकडा आत राहिला तर नाही ना. भाकरीएवढी गोल, अर्ध्या किलोच्या आसपास वजन, आईकडची बाजू गडद लाल, मऊ, पंधरा-वीस फोडींमध्ये विभागलेली, आणि बाळाकडची बाजू चकचकीत निळसर, मधून नाळ निघालेली आणि तिच्यापासून शिरा अशा पसरलेल्या की झाडाच्या फांद्याच. आतले सगळे धागे पसरले तर दहा-बारा चौरस मीटर भरतात म्हणे, म्हणजे एक खोलीच. कितीतरी हजार वेळा बघितली असेल मी, प्रत्येक वेळी क्षणभर थांबायचेच.

आणि एकदा वेगळीही बघितली. माझ्या धाकट्या जावेची. तिला आठव्या महिन्यात चेहऱ्यावर सूज आली, अंगठी निघेना, डोकं दुखत होतं, आणि घरात सगळे म्हणत होते की पाय सुजतातच, त्यात काय. ज्या दवाखान्यात ती दाखवत होती तिथे शेवटच्या व्हिजिटला कुणी बीपीच घेतलं नव्हतं, कार्डावर तो रकाना रिकामा होता. मी ड्युटीवरून येताना सहज डोकावले आणि घरातल्या मशीनवर लावून बघितलं तर १७०/११०. त्याच रात्री अ‍ॅडमिट केलं, ३२ आठवड्यांवर सिझर, मुलगा १.३ किलोचा. तिची वार माझ्या तळहाताहून फार मोठी नव्हती आणि लाल मांसात पांढुरके, घट्ट, गाठीसारखे डाग होते, तिथे रक्त पोचलंच नव्हतं. मुलगा आज अकरावीत आहे, उंच आहे, घरभर धिंगाणा घालतो. पण तो रिकामा रकाना मी विसरलेली नाही, म्हणून तुला इतकं लांबण लावून सांगतेय.

तिथे काय झालं होतं ते सांगते, कारण तुझी गोळी त्याच्यासाठीच आहे. गरोदरपणाच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या बारीक, वळ्यावळ्याच्या रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्यांच्या भिंतीतले स्नायू काढून टाकून त्या रुंद करतात, अरुंद गल्लीचा हमरस्ता करतात म्हण ना. काही जणींमध्ये हे काम अर्धवट राहतं. मग वार उपाशी पडते, आणि उपाशी वार आईच्या रक्तात एक प्रोटीन जास्त सोडायला लागते, त्याचं नाव एसफ्लिट-१. वारेच्याच दुसऱ्या एका प्रोटीनला, पीएलजीएफला, हे पकडून ठेवतं. पीएलजीएफचं काम रक्तवाहिन्या निरोगी ठेवायचं, ते अडकून पडलं की आईच्या अंगभरच्या रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, किडनीतून प्रोटीन लघवीत गळतं, हाच प्री-एक्लॅम्प्सिया. हे कोडं २००३ साली बोस्टनमध्ये अनंत करुमंची यांच्या टीमने उलगडलं, ते मूळचे आपल्याकडचेच, मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेले. त्यांनी हे एसफ्लिट-१ गरोदर उंदरिणींमध्ये वाढवलं तर त्यांना बीपी आणि लघवीतलं प्रोटीन दोन्ही झालं.

आता एसफ्लिट-१ आणि पीएलजीएफ या दोघांचं गुणोत्तर काढायची रक्ताची टेस्ट पण आहे. वीस आठवड्यांनंतर बीपी किंवा सुजेची शंका आली तर करतात, आणि ते गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असलं तर पुढच्या आठवडाभरात प्री-एक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता जवळपास नाहीच, असं २०१६ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. तू आत्ता ती टेस्ट शोधत फिरू नकोस, तुला सध्या तिची गरज नाही. आणि पुढे शंका आली तरी पहिलं काम बीपीच्या पट्ट्याचं आणि लघवीच्या तपासणीचं.

गोळीबद्दल सासूबाईंना काय सांगायचं. त्यांची भीती खोटी नाही, अ‍ॅस्पिरिन रक्त थोडं पातळ करते हे खरंच आहे आणि त्यांच्या वेळी डोकं दुखलं की ३०० च्या वर डोस घ्यायचे, ती मोठी गोळी गरोदरपणात स्वतःच्या मनाने घ्यायची नसतेच. तुला दिलीय ती १५० ची, छोटी. २०१७ साली याच डोसचा मोठा अभ्यास छापून आला, जास्त रिस्कच्या १७७६ बायका होत्या, निम्म्यांना अ‍ॅस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी नुसती खडूची म्हणावी अशी गोळी, ११ ते १४ आठवड्यांत चालू करून ३६ आठवड्यांपर्यंत, रोज रात्री. ३७ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागेल असा प्री-एक्लॅम्प्सिया खडूच्या गोळीवाल्यांमध्ये ४.३ टक्के झाला आणि अ‍ॅस्पिरिनवाल्यांमध्ये १.६ टक्के. त्या बायका निवडताना बीपी आणि डॉप्लर म्हणजे रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, याबरोबर पॅप-ए पण बघितला होता, म्हणून हे तुझ्या कामाचं आहे. आणि ज्यांनी शंभरातल्या नव्वद किंवा जास्त गोळ्या खरंच घेतल्या त्यांना फायदा जास्त झाला, अधूनमधून चुकवणाऱ्यांना कमी. म्हणून म्हणते चुकवू नकोस गं. जेवणानंतर, झोपताना, मोबाईलचा अलार्म लाव. अंगावरून गेलं किंवा पोटात जळजळ झाली तर बंद करायच्या आधी फोन, मनाने नाही.

सासूबाईंना पुढच्या व्हिजिटला बरोबर घेऊन जा. त्यांनाच मॅडमना विचारू दे. तुझ्यामार्फत गेलेलं उत्तर आणि स्वतःच्या कानाने ऐकलेलं उत्तर यात फार फरक पडतो, आणि एकदा त्यांना पटलं ना की रात्री गोळी घेतलीस का म्हणून आठवण करणाऱ्या त्याच असतील, मी असं कितीदा झालेलं बघितलंय.

बाकी पुढचं असं की १८ ते २० आठवड्यांत अनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव नीट बघायची सोनोग्राफी, होईल, तेव्हाच्या सुमाराला गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर करायचा का ते मॅडमना विचार, त्यात तो हमरस्ता झालाय का गल्लीच राहिलीय ते कळतं. २८ आठवड्यांनंतर बाळाची वाढ बघायचे स्कॅन इतरांपेक्षा एक-दोन जास्त होतील, ते जास्त सांगितले म्हणजे काही बिघडलंय असं समजू नकोस, तुझ्या ०.३१ चा सगळा अर्थ खरं तर तेवढाच आहे, तुझ्याकडे जरा जास्त वेळा बघायचं. कॅल्शियमची गोळी चौदा आठवड्यांनंतर चालू करतील, ती जेवणाबरोबर घे पण लोहाच्या गोळीबरोबर नको, दोघींत काही तासांचं अंतर ठेव. घरी दंडाला लावायचं बीपी मशीन घेता आलं तर घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, आठवड्यातून दोनदा, आणि वहीत तारीख घालून लिही. १४०/९० आलं तर त्याच दिवशी मॅडमना फोन. १६०/११० आलं तर फोन वगैरे नाही, थेट हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८. आणि बीपी काहीही असू दे, वीस आठवड्यांनंतर न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधुक दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, किंवा पुढे बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी, यातलं एक जरी असलं तरी रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. खाजगीतला खर्च जड जात असेल तर सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, तिथे पण जात जा, आणि प्रत्येक वेळी कार्डावर बीपीचा रकाना भरलाय का ते बघितल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस. भरला नसेल तर माग. लाजू नकोस.

रात्रभर मोबाईलवर वाचणं मात्र आजपासून बंद. त्यापेक्षा झोप.

लॅबने वजन दुरुस्त करून काय आकडा दिला ते मला कळव, आणि अनॉमली स्कॅन झाला की त्याचा फोटो पाठव, या वेळी पण मोठा करून बघेन.